तीन ग्रंथ, एक टेबल : यहुदी-ख्रिस्ती-मुस्लिम अभ्यासकांची बैठक भरवायची तर

आडपान

येत्या हिवाळ्यात पुण्यात यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम अभ्यासकांची दोन दिवसांची बैठक घ्यायचं घाटतंय. प्रत्येकी ८ जण, एकूण २४. भाषा मराठीच, कारण तिन्ही समाजांत घरी मराठी बोलणारी अभ्यासू माणसं आहेत आणि इंग्रजीत गेलं की नेहमीचेच चेहरे येतात.

पहिला आराखडा असा झाला : उद्घाटन, २० मिनिटांचे १२ निबंध, समारोपाला संयुक्त निवेदन. तो गळी उतरत नाहीये. 'आमचा धर्म शांती शिकवतो' हे तीन तऱ्हेने ऐकून सगळे घरी जातील. दुसरी कोणती रीत आहे? मजकूर कोणता निवडावा, वार कोणता धरावा, जेवणाचं काय, हे सगळंच हवंय. 'विषय नाजूक आहे, जपून' एवढंच सांगणार असाल तर ते माहीत आहे.

नीरक्षीर

१२ निबंध गुणिले २० म्हणजे २४० मिनिटं. दोन दिवसांतले चार तास माणसं एकमेकांच्या पाठी बघत बसणार. निबंधात माणूस आपल्या धर्माचा वकील होतो, आणि वकिलाला चूक कबूल करायची सोय नसते.

जी रीत हवी आहे तिला 'स्क्रिप्चरल रीझनिंग' म्हणतात. १९९०च्या सुमारास अमेरिकेत यहुदी तत्त्वज्ञ आणि तालमूदचे (रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, चर्चांच्या जुन्या संग्रहाचे) अभ्यासक एकत्र बसून उतारे वाचायचे. पीटर ऑक्स त्यांच्यातले. डेव्हिड फोर्ड आणि डॅनियल हार्डी हे दोन अँग्लिकन धर्मशास्त्रज्ञ त्या बैठकांना बाजूला बसून ऐकत. ऐकता ऐकता सामील झाले, मग मुस्लिम अभ्यासक आले, आणि तीन ग्रंथ एका टेबलावर ठेवायची पद्धत पडली. पुढे केंब्रिजमधून तिचा प्रसार झाला.

पद्धत साधी आहे. एक विषय. त्यावर तीन छोटे उतारे, तनाखमधला (यहुद्यांचा धर्मग्रंथ), नव्या करारातला आणि कुराणातला. प्रत्येक ८ ते १२ ओळींचा. एका टेबलाला ६ ते ९ जण, म्हणजे २४ जणांची तीन टेबलं, प्रत्येकावर तिन्ही धर्मांचे किमान दोघे. एकटा माणूस बसवला की तो आपोआप प्रवक्ता होतो. दोघे असले की त्यांचं आपसात पटत नाही हे इतरांना दिसतं, आणि खरी मजा तिथेच आहे.

वेळ १२० मिनिटं. सुरुवातीला १० मिनिटं नियम. मग प्रत्येक उताऱ्याला ३०. त्यात त्या परंपरेचा एक जण ३-४ मिनिटं ओळख करून देतो, कुणीतरी उतारा मोठ्याने वाचतो, आणि उरलेला वेळ सगळ्यांचा. शेवटची २० मिनिटं तिन्ही उतारे शेजारी ठेवून. प्रत्येक टेबलाला एक सूत्रधार, जो उताऱ्याची ओळख करून देणारा नसावा.

बिघडतं ते बहुतेक वेळा त्या ३-४ मिनिटांत. विद्वान माणूस पंधरावर जातो. त्याने सगळे संभाव्य अर्थ सांगून टाकले की टेबल थंड पडतं, कारण आता विचारायला काही उरलेलं नसतं. ओळखीत एवढंच यावं : हा उतारा ग्रंथात कुठे येतो, त्याच्या आधी काय घडलंय, कोणता शब्द अवघड आहे. अर्थ सांगायचा नाही.

खरडवही

सहमत. जुने दाखलेही हेच सांगतात.

१२६३च्या जुलैत बार्सिलोनाला आरागॉनच्या राजापुढे वाद झाला. एका बाजूला नहमनिडीस हे रब्बी, दुसऱ्या बाजूला पाब्लो क्रिस्तियानी. बोलायची मुभा राजाने दिली होती, आणि नहमनिडीसनी ती वापरली. नंतर त्यांनी वादाचा वृत्तांत लिहिला, त्यावरून डॉमिनिकन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी गहजब केला, आणि अखेर त्यांना देश सोडावा लागला. 'मोकळेपणाने बोला' हे यजमानाने सांगणं पुरत नाही. बोललेलं बाहेर कसं जाईल हे आधी ठरायला हवं.

अकबराचा इबादतखाना, म्हणजे धर्मचर्चेची जागा, १५७५चा, फतेहपूर सिक्रीतला. गुरुवारी रात्री सभा. पहिलं भांडण धर्मावरून झालंच नाही, झालं ते बसण्याच्या जागेवरून! मग बादशहाने सय्यद पश्चिमेला, उलेमा दक्षिणेला, शेख उत्तरेला आणि अमीर पूर्वेला अशी वाटणी करून दिली. १५८०मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री आले, रोदोल्फो आक्वाविव्हा, मोन्सेरात आणि हेन्रिकेस. सोबत अँटवर्पला छापलेलं बहुभाषी बायबल होतं, आणि ते अकबराने आदराने डोक्याला लावलं. तरी बैठका चालल्या वादाच्याच अंगाने. कोण जिंकलं, हाच प्रश्न.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. पाब्लो क्रिस्तियानी मूळचा यहुदी. हेन्रिकेस मूळचा होर्मुझचा मुसलमान, आणि दुभाषा तोच. धर्मांतर केलेल्या माणसाला त्याच्या जुन्या धर्माचा जाणकार म्हणून मधे बसवलं की समोरच्याला तो पुरावा वाटतो, माणूस वाटत नाही. त्याला जरूर बोलवा, पण त्याच्या आजच्या धर्माच्या बाजूने. आणि टेबल गोल घ्या किंवा चौकोनी जोडा. व्यासपीठ नको, नावांच्या पाट्यांवर पदव्या नकोत.

अवांतर : आपल्याकडेही धर्मचर्चा म्हटलं की १८५७मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात झालेला वादविवादच डोळ्यांपुढे येतो. तो मासला इतका रुजलाय की निमंत्रणात 'चर्चा' शब्द घातला तरी लोक तयारी करून, कंबर कसून येतील. 'वाचनबैठक' म्हणा.

शंकासूर

सगळं छान. पण २४ अभ्यासकांनी वातानुकूलित खोलीत उतारे वाचून मोहल्ल्यात काय फरक पडतो? आणि शेवटी सगळे धर्म सारखंच सांगतात, हे कबूल केलं की निम्मी कटकट मिटते.

नीरक्षीर

@शंकासूर, मोहल्ल्यातला तंटा मिटवणं हे मोहल्ला समितीचं काम, आणि ते तिने करावं. या बैठकीचं काम वेगळं आहे. मदरशात, सेमिनरीत, सिनेगॉगच्या वर्गात उद्या जे शिकवलं जाणार, ते शिकवणाऱ्यांना दुसऱ्याचा ग्रंथ दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळावा, इतकंच.

'सगळे धर्म सारखे' हे वाक्य मात्र दारातच अडवा. ते बोलणाऱ्याला उदार वाटतं, ऐकणाऱ्याला अपमानास्पद. 'तुझं वेगळेपण माझ्या लेखी फारसं नाही' असा त्याचा अर्थ होतो. इथे एकमत काढायचं नसतं, मतभेदाची प्रत सुधारायची असते. आज आपण एकमेकांशी ज्या मुद्द्यावर असहमत आहोत, तो बहुतेक वेळा समोरच्याचा खरा मुद्दाच नसतो.

मध्यान्ह

मुस्लिम अभ्यासकांना बोलावताना एक अडचण येईल, ती आधीच ओळखा. निव्वळ स्वतःच्या मताने कुराणाचा अर्थ लावणं, तफसीर बिर-राय, हे परंपरेत दूषण मानलं जातं. त्यामुळे चांगला आलिम (धर्मशास्त्राचा जाणकार) 'या आयतीचा अर्थ तुम्हाला काय वाटतो?' या प्रश्नावर गप्प बसेल, आणि इतरांना वाटेल तो मोकळा नाही. निमंत्रणातच लिहा की इथे तफसीर किंवा फतवा अपेक्षित नाही, तदब्बुर अपेक्षित आहे. म्हणजे आयतीवर थांबून चिंतन. तो शब्द कुराणातलाच आहे, त्यामुळे दार उघडतं. जुन्या मुफस्सिरांची (कुराणाच्या भाष्यकारांची) दोन मतं सांगायची मोकळीक ठेवा.

यहुदी बाजूलाही अशीच अडचण आहे. रब्बी जोसेफ सोलोवेचिक यांनी १९६४मध्ये भूमिका मांडली की समाजाच्या प्रश्नांवर इतर धर्मीयांबरोबर काम करावं, पण श्रद्धेच्या गाभ्यावर वाटाघाट होऊ शकत नाही. सनातनी वळणाचे बरेच रब्बी आजही हे मानतात. त्यांना 'श्रद्धेवर संवाद' म्हणून बोलावलं तर नकार येईल. 'उतारा वाचायला या' म्हटलं तर येण्याची शक्यता जास्त. ख्रिस्ती बाजूला प्रश्न असतो सुवार्तेचा. साक्ष देणं हे कर्तव्य मानणाऱ्याला 'श्रद्धा बाहेर ठेवून ये' म्हणू नका. 'या दोन तासांत कुणाला आपल्याकडे वळवायचं नाही' एवढंच सांगा. बहुतेकांना ते मान्य होतं.

आता वार. शुक्रवारी जुमा, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ (यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस), रविवारी उपासना. म्हणजे सोमवार ते गुरुवारच उरले, आणि बाहेरगावच्या यहुदी पाहुण्याला शुक्रवारी दुपारच्या आत घरी पोचायचं असतं हे धरून मंगळवार-बुधवार उत्तम. रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या हिवाळ्याच्या शेवटाला आलाय, तेव्हा पंचांग बघा. डिसेंबर-जानेवारीत तेवेत महिन्याच्या दहाव्याचा यहुदी उपवासही येतो, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. त्या दिवशी मेजवानी ठेवून पंचाईत करून घेऊ नका.

सत्र सूर्यास्तावर येऊ देऊ नका, मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजाचा वेळ आखूड असतो. असरच्या (तिसऱ्या प्रहरच्या) नमाजाच्या वेळेत फरक पडतो : कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे आहेत, त्यांची असर हनफी परंपरेच्या लोकांच्या आधी लागते. चहाची सुटी अर्धा तास ठेवली की दोघांचं भागतं. नमाजाची खोली दाखवताना किब्ल्याची (मक्केकडची) दिशा कागदावर लिहून लावा.

रेवदंडेकर

मराठीत बैठक घेताय तर मजकूरही मराठी मातीला जवळचा निवडा. माझी शिफारस : एलीया, तिन्ही ग्रंथांत येणारा संदेष्टा.

बेने इस्राएलांच्या, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, घरात एलियाहू हन्नावीला जे स्थान आहे ते वेगळं सांगायला नको. नवस फेडायला मलिदा करतात तो त्याच्याच नावाने, आणि अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाची खूण दाखवतात. तोच मराठी बायबलमध्ये एलीया, कुराणात इल्यास. तिन्ही उतारे आखूड आहेत :

१ राजे १८:३६-३९, कार्मेल डोंगरावर अग्नी उतरतो तो प्रसंग.
मार्क ९:९-१३, 'एलीया आधी यायला हवा ना?' या शिष्यांच्या प्रश्नावर येशूचं उत्तर.
कुराण ३७:१२३-१३२, इल्यास आपल्या लोकांना विचारतो की तुम्ही बअलला (बायबलमधला बआल, एक दैवत) हाक मारता आणि सर्वोत्तम निर्मात्याला सोडता?

यात बोलायला भरपूर आहे. यहुदी परंपरेत एलियाहू अजून यायचाय. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची ठेवतात, पेसाखच्या (इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) रात्री प्याला भरतात. मार्कमध्ये येशू म्हणतो, तो आलाच आहे, आणि लोकांनी आपल्या मनाला येईल तसं त्याला वागवलं. मत्तयात तर तो बाप्तिस्मा करणारा योहान, हे उघडच सांगितलंय. कुराणात तो रसूलांपैकी (प्रेषितांपैकी) एक, त्याच्यावर सलाम. १३०व्या आयतीत नाव 'इल्यासीन' असं येतं, आणि ते वेगळं तोडून 'आल यासीन' असंही एक पठण आहे. या एका आयतीवर अर्धा तास सहज जातो.

१ राजे १८च्या ३९व्या वचनातलं लोकांचं उत्तर योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, शेवटच्या प्रार्थनेत सात वेळा म्हणतात. हे यहुदी सदस्याने सांगावं, सूत्रधाराने नव्हे.

ओळमोजणी

एलीया भारी! पण त्याच वचनावर मराठी वाचक अडखळणार. मराठी बायबलमध्ये हिब्रूतल्या चार अक्षरी ईश्वरनामासाठी 'परमेश्वर' आणि एलोहीम या 'देव' अर्थाच्या सामान्यनामासाठी 'देव' वापरतात. त्यामुळे ते वचन 'परमेश्वर हाच देव' असं होतं. मराठी कानाला हे 'पाणी हेच जल' यासारखं लागतं, कारण आपल्याला परमेश्वर हे कुणाचं विशेषनाम वाटत नाही. मूळ हिब्रूत मुद्दा असा आहे की बआल नव्हे, हा, या नावाचा, तोच देव. ओळख करून देणाऱ्याने वापरायची चार मिनिटं इथेच खर्ची घालावीत.

कागद कसा करायचा ते सांगतो, कारण बैठक निम्मी तिथे ठरते.

ए-थ्री आकाराचा आडवा कागद, एका बाजूला तिन्ही उतारे. पाठपोट छापलं की लोक उलटत बसतात आणि तुलना होत नाही. प्रत्येक रकान्यात वर मूळ लिपीतला मजकूर, खाली मराठी. वचनक्रमांकाशिवाय डावीकडे ओळींना सलग आकडे द्या, म्हणजे 'ओळ १४ बघा' म्हणता येतं. वचनक्रमांक फसवतात. हिब्रू स्तोत्रांत शीर्षकही वचनात धरतात, त्यामुळे ख्रिस्ती बायबलमधलं ५१:१० हे हिब्रूत ५१:१२ असतं. मलाखीचा ग्रंथ ख्रिस्ती आवृत्त्यांत चार अध्यायांचा, हिब्रूत तीनच. एलीयाच्या परतण्याचं वचन ४:५ म्हणून शोधणारा आणि ३:२३ म्हणून शोधणारा एकाच ओळीकडे बघत असतात, आणि दोघांना वाटतं दुसरा चुकलाय.

हिब्रू आणि अरबी उजवीकडून. एका फाइलमधून दुसरीत चिकटवताना शब्दांचा क्रम उलटतो, किंवा अरबी अक्षरं सुटी पडतात आणि जेर-जबर (स्वरचिन्हं) भलतीकडे जातात. छपाईआधी पीडीएफ करून ती त्या त्या भाषेच्या वाचकाकडून तपासून घ्याच. चुकीची छापलेली आयत टेबलावर आली की पुढचं सत्र माफी मागण्यात जातं.

नावं ज्याची त्याच्या रकान्यात ठेवा. एलियाहू, एलीया, इल्यास. सगळीकडे एकच करू नका. वर 'जुना करार' लिहू नका. यहुद्यांच्या दृष्टीने तो जुना नाही, आणि त्यांच्याकडे नवा नाहीच. 'तनाख' लिहा.

आणि कागदाचं पुढे काय? अरबी आयत असलेला कागद जमिनीवर पडता कामा नये. हिब्रू ईश्वरनाम छापलेला कागद कचऱ्यात जात नाही, तो गनीझात, जुन्या पवित्र कागदांच्या कोठीत, ठेवतात. म्हणून हिब्रूत त्या नावाच्या जागी संक्षेप छापा, आणि निघताना दारात एक पेटी ठेवून सगळे कागद परत घ्या.

खरडवही

अनुवाद कुणाचा घ्यायचा, यावरही भांडण होऊ शकतं. तनाखच्या रकान्यात ख्रिस्ती बायबलचा मराठी अनुवाद वापरला तर त्याचे कल आपोआप येतात. यशया ७:१४ घ्या. हिब्रूत 'अल्मा', म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक अनुवादात 'पार्थेनोस' झालं आणि मत्तयाने ते उचललं. मराठीतला 'कुमारी' दोन्हीकडे झुकतो, म्हणून वरवर वाद मिटल्यासारखा दिसतो आणि खरा प्रश्न झाकला जातो. ज्याचा ग्रंथ, त्याने अनुवाद सुचवावा. हवा तसा नसेल तर त्या ८-१० ओळी नव्याने कराव्यात, फार काम नाही.

आपल्याकडे याला पूर्वपीठिका आहे. पेसाखच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू आणि मराठी अशी पुण्यात १८७४मध्ये छापली गेली. त्याआधी फादर थॉमस स्टीफन्सनी १६१६मध्ये ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं. मराठीने हे ओझं पूर्वीही वाहिलंय.

मध्यान्ह

एकच सत्र नसेल तर उताऱ्यांचा चढ ठरवा. पहिलं सत्र पाहुणचारावर घ्या. उत्पत्ती १८:१-८, इब्रीकरांस पत्र १३:१-३, कुराण ११:६९-७३. उत्पत्तीत पाहुणे जेवतात. कुराणात त्यांचे हात भाजलेल्या वासराकडे जातच नाहीत, आणि इब्राहिमला तिथेच भीती वाटते. तालमूदमध्ये पुन्हा असं मत आहे की ते जेवल्यासारखे दिसले फक्त. उत्पत्तीत याच उताऱ्याच्या पुढे (१८:१२) अब्राहामाची बायको सारा मुलाची वार्ता ऐकून हसते. कुराणात ती आधी हसते आणि मग इसहाकची शुभवार्ता येते. का हसली, यावर मुफस्सिरांची मतं वेगवेगळी आहेत. कुणाचीही मान खाली न जाता लोक बोलायला लागतात.

एलीया दुसऱ्या सत्राला. 'अब्राहाम कुणाचा?' हे सगळ्यात शेवटी : उत्पत्ती १२:१-३, रोमकरांस पत्र ४:९-१२, कुराण ३:६५-६८. कुराण म्हणतं इब्राहिम यहुदीही नव्हता आणि ख्रिस्तीही नव्हता. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल त्याला सुंता न झालेल्या विश्वासणाऱ्यांचाही बाप ठरवतो. यहुद्यांचा तर तो 'अव्राहाम अवीनू', आमचा बाप. 'अब्राहामी धर्म' हा शब्द आपण ऐक्यासाठी वापरतो, पण तिघांचं खरं भांडण त्याच नावावर आहे. पहिल्या दिवशी सकाळी हे काढलंत तर जेवणापर्यंत गट पडलेले असतील. पुत्राच्या बलिदानाचा प्रसंगही पहिल्या बैठकीला नकोच. इसहाक की इस्माईल, यातच वेळ संपतो, आणि कुराणातल्या उताऱ्यात मुलाचं नाव नाही हे बघायचं राहून जातं.

उताऱ्यांचा क्रमही फिरवा. दर वेळी यहुदी, ख्रिस्ती, मुस्लिम असा काळाप्रमाणे क्रम ठेवला की एक कायम 'सुरुवात' होतो आणि एकाला कायम शेवटचा शब्द मिळतो.

शंकासूर

माघार घेतो, पण अर्धीच. पश्चिम आशियातली बातमी त्या दिवशी सकाळी आली तर? तेव्हा कोण एलीया वाचणार?

नीरक्षीर

प्रश्न रास्त आहे. काही घडलंच नाही असं दाखवून उताऱ्याकडे वळणं, ही सगळ्यात वाईट चाल. लोक उतारा वाचतील आणि प्रत्येक ओळीतून बातमीच बोलतील. सूत्रधाराने पहिल्या दहा मिनिटांतच ते नाव घेऊन सांगावं. दोन मिनिटं शांतता, ज्याला बोलायचंय त्याला एकेक वाक्य, प्रतिवाद नाही. मग विचारावं : पुढे जायचं का? एकाही बाजूने नको म्हटलं तर सत्र पुढे ढकलावं. उपरोधाने नव्हे, खरोखर तारीख देऊन.

दुसरं, इथल्या माणसाला दुसऱ्या देशाच्या सरकारचा जाब विचारायचा नाही. अलिबागच्या यहुद्याला इस्रायलचा आणि महाडच्या मुसलमानाला आणखी कुठल्या संघटनेचा खुलासा मागितला की तो पुन्हा येत नाही. नियमांच्या कागदावर हे स्पष्ट लिहा. तसंच, आपल्या ग्रंथातला आदर्श आणि त्यांच्या लोकांचं वर्तन अशी जोडी लावायची नाही. ग्रंथाशेजारी ग्रंथ ठेवायचा.

कोथिंबीर

जेवणाचं कुणीच बोलत नाही म्हणून मी. 'शाकाहारी ठेवलं की झालं' हा भ्रम आहे. जिलेटिन असलेली मिठाई आणि चीजमधलं रेनेट (दूध फाडणारा, बरेचदा जनावरापासून काढलेला पदार्थ) यांवर हलालवालाही अडतो आणि कोशर, म्हणजे यहुदी आहारनियम, पाळणाराही. इसेन्समधल्या अल्कोहोलवर हलालवाला अडतो. कडक कोशर पाळणाऱ्याला भांड्यांचाही प्रश्न असतो. त्याला बंद पाकिटातला सुका मेवा, साल न काढलेली अख्खी फळं, नवी कागदी ताटली आणि दूध न घातलेला चहा द्या. प्रत्येकाला आधी विचारा. एकाच समाजात पाळणारे आणि न पाळणारे दोन्ही असतात.

दुसऱ्या दिवशी मलिदा ठेवता येईल. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, वर फळांच्या फोडी. यातला कोणताच जिन्नस कुणाला वर्ज्य नाही. आणि दर्ग्यावर नियाजीला होतो त्यालाही मलिदाच म्हणतात, फक्त पदार्थ वेगळा. टेबलावर आणखी एक विषय! बरकतीची प्रार्थना म्हणायची असेल तर ज्याची त्याने म्हणावी, सगळ्यांची मिळून एक करू नका.

अवांतर : उत्पत्ती १८च्या त्या मेजवानीत दही-दूध आणि वासराचं मांस एकाच वेळी वाढलंय. रब्बींनी त्यावर बराच खल केलाय. पाहुणचाराच्या सत्रात हे कुणीतरी काढणारच.

खरडवही

संयुक्त निवेदनाबद्दल. ते काढून टाका, असं माझं स्पष्ट मत. निवेदन ठरलं की दुसऱ्या दिवसाचा दुपारनंतरचा वेळ विशेषणांवर जातो, आणि शेवटी ज्याला कुणाचीच हरकत नाही असं वाक्य उरतं.

टिकलेले दस्तऐवज बघा. २८ ऑक्टोबर १९६५चं नोस्त्रा एताते, म्हणजे इतर धर्मांविषयीचं कॅथलिक घोषणापत्र, संयुक्त नव्हतं, कॅथलिक चर्च त्यात आपल्याच लोकांशी बोलत होतं. १३ ऑक्टोबर २००७चं 'अ कॉमन वर्ड' हे १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना लिहिलेलं खुलं पत्र. त्यातून २००८च्या नोव्हेंबरात रोमला कॅथलिक-मुस्लिम मंच बसला, दोन्ही बाजूंचे २४-२४ जण. सप्टेंबर २०००चं 'दाब्रू एमेत' यहुदी अभ्यासकांनी ख्रिस्ती धर्माविषयी काढलं, आणि 'एकाच देवाची उपासना करतो' या त्याच्या पहिल्याच विधानावर जॉन लेव्हेन्सन यांच्यासारख्या यहुदी अभ्यासकानेच टीका केली. तिन्ही ठिकाणी एक बाजू स्वतःच्या नावाने बोलली, म्हणून त्याला धार आली.

'बिल्डिंग ब्रिजेस' ही ख्रिस्ती-मुस्लिम अभ्यासकांची मालिका जानेवारी २००२मध्ये लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यात सुरू झाली, पुढे दोहा, सारायेवो, सिंगापूर अशी फिरली. तिथे व्याख्यानं जाहीर आणि उताऱ्यांचे गट बंद दाराआड. ती घडी तुम्हालाही बसेल. एक संध्याकाळ सर्वांना खुली, बाकी सत्रं बंद. बंद सत्रात काय बोललं गेलं ते बाहेर सांगता येईल, कुणी बोललं ते नाही. ध्वनिमुद्रण आणि फोन टेबलावर नको, छायाचित्र विचारून आणि फक्त सुटीत.

रेवदंडेकर

एक भर. भारतात बेने इस्राएल आता काही हजारच उरलेत. पुण्या-मुंबईत आंतरधर्मीय म्हणून जे काही होतं त्याला त्याच चार-पाच यहुदी मंडळींना बोलावणं जातं. ८ यहुदी अभ्यासक मिळवणं हाच तुमचा सगळ्यात अवघड आकडा आहे. निमंत्रणं तिथून सुरू करा, तारीख त्यांच्याकडून घ्या, आणि ५च मिळाले तर टेबलं दोन करा. संख्या भरायला बाकीच्यांचे ८-८ ठेवून यहुदी टेबलागणिक एकेक वाटू नका. प्रवासखर्च सगळ्यांना सारखा द्या. इस्रायलमध्ये मराठी बोलणारे अभ्यासू लोक आहेत, पण दूरदृश्य पडद्यावरचा माणूस टेबलावर बसत नाही. त्यांना खुल्या संध्याकाळी घ्या.

जागेचं : तीनपैकी कुणाच्याही प्रार्थनास्थळात पहिली बैठक नको. लंडनच्या सेंट एथेलबर्गाज चर्चमध्ये या कामासाठी मागच्या आवारात बकरीच्या केसांच्या कापडाचा तंबू उभारलाय. ते चर्च १९९३च्या बाँबस्फोटात पडलं होतं, पुन्हा उभारून संवादाचं केंद्र केलं. चर्चच्या आत न बसता तंबूत, ही कल्पना चांगली आहे, सगळेच पाहुणे होतात. पुण्यात एखाद्या महाविद्यालयाचं ग्रंथालय चालेल.

आडपान

सगळ्यांचे आभार. बदललेला आराखडा :

मंगळवार-बुधवार, ग्रंथालयाची वाचनखोली. निबंध शून्य. दोन तासांची तीन सत्रं : मंगळवारी सकाळी पाहुणचार, दुपारी एलीया, बुधवारी सकाळी अब्राहाम. मंगळवारी संध्याकाळी एक खुलं व्याख्यान. निवेदन नाही. बुधवारी दुपारी प्रत्येक परंपरेचे लोक वेगळे बसून तासभर एकच प्रश्न घेतील : इथून परत गेल्यावर आपल्या वर्गात कोणती गोष्ट वेगळ्या तऱ्हेने शिकवायची? टेबलांची संख्या यहुदी होकारांवर, म्हणून त्यांची निमंत्रणं आधी. सूत्रधारांची आदल्या दिवशी तासभर तालीम.

राहिलं काय?

ओळमोजणी

मंगळवारचं खुलं व्याख्यान मगरिबनंतर वीस मिनिटांनी लावा. आणि कागद २४ नव्हे, ३० छापा. कुणाच्या तरी कागदावर चहा सांडतो, आणि त्यावर आयत असते.

कोथिंबीर

म्हणूनच चहा दुसऱ्या टेबलावर.